बराबर म्हणालो ते हिशेबाला

सहा फेब्रुवारी, गुरुवार, सकाळचे साडेसात. रक्कम चार कोटी तीस लाख डॉलर. हजर माणसं तीन: वेल्डिंगच्या दुकानाचा मालक, तांड्यावरून दूध घेऊन आलेला आमचा मित्र, आणि मी.

रक्कम आमची नव्हती. तो अमेरिकेतल्या एका बास्केटबॉल खेळाडूचा वर्षाचा पगार होता. त्या खेळाडूला त्याच्या संघाने ठेवावं की दुसऱ्या संघाला द्यावं, हा प्रश्न आम्ही कळमनुरीत, नांदेड रस्त्याला, लोखंडी अँगलच्या ढिगावर बसून सोडवत होतो. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. आजवर कोणीच विचारलेलं नाही. तरी गेली अकरा वर्षं दर फेब्रुवारीत आम्ही हे काम करतो, आणि मी ते वहीत लिहून ठेवतो.

यावर हसणारे खूप आहेत, त्यांना एकदाच उत्तर देतो. क्रिकेटचा लिलाव असतो त्या दिवशी याच रस्त्यावर प्रत्येक टपरीपुढे दहा माणसं उभी असतात आणि कोण किती कोटींना गेला ते ओरडून सांगतात. त्यांना कोणी हसत नाही. ते कोटी त्यांच्या खिशात पडतात असंही नाही. मग माझेच डॉलर काय म्हणून हसण्यासारखे? मी पन्नाशीला आलेला माणूस आहे, हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो, घरातलं सगळं वेळेवर करतो. सकाळचा एक तास माझा आहे. तो मी कशात घालवायचा हे मी ठरवणार.

तिकडची पद्धत थोडक्यात सांगितली पाहिजे. तिथे लिलाव नसतो. संघ आपसात खेळाडूंची अदलाबदल करतात. एक मोठा खेळाडू द्यायचा, दोन मध्यम घ्यायचे, असं. अट एकच मोठी: जेवढा पगार संघाबाहेर जाईल, साधारण तेवढाच पगार आत आला पाहिजे. फेब्रुवारीत एक मुदत असते, ती संपली की त्या वर्षापुरती अदलाबदल बंद. मुदत आपल्याकडच्या रात्री संपते. आम्ही जागत नाही. सकाळी काय झालं ते फोनवर बघतो.

पगार जुळवण्याचं काम माझं. अडतीवर सगळे मला मुनीम म्हणतात, इथेही तेच नाव पडलं. वेल्डिंगवाला खेळ बघून बोलतो, कोण कसा पळतो, कोण आळशी झाला. आणि तांड्यावरचा जोड्या बघतो. त्याचे वडील बैलबाजारात दलाल होते, त्याआधीच्या पिढ्या बैलांवर माल वाहायच्या. तो स्वतः डोंगरकड्याच्या बाजूला तीन एकर हळद करतो आणि रोज सकाळी मोटारसायकलला दोन कॅन बांधून दूध आणतो. आम्हा तिघांत तोच उंच. सहा फूट दोन इंच. शाळेत खेळाच्या मास्तरांनी मैदानात दोन खांब रोवून लोखंडी कडी लावली तेव्हा त्याला आधी बोलावलं, आणि तो एकटा येईना म्हणून आम्हा दोघांना. त्याला तेहतीस वर्षं झाली. ते खांब आता नाहीत. वेल्डिंगवाल्याने दुकानामागच्या मोकळ्या जागेत दुसरे उभे केलेत, आम्ही अजून तिथे खेळतो.

बैलबाजारातली एक रीत आम्ही या वादात आणली. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा धरला म्हणजे पाच. बाकी बघणाऱ्यांना भाव कळत नाही. आमच्यात एखाद्या अदलाबदलीवर एकमत झालं नाही की दोघांनी आळीपाळीने वेल्डिंगवाल्याच्या गमछ्याखाली तिसऱ्याचा हात धरायचा आणि पाचपैकी किती गुण ते बोटांनी सांगायचे. तोंडाने बोलताना माणूस समोरच्याचा चेहरा बघून आकडा बदलतो, बोटांनी सांगताना बदलत नाही. हा माझा अकरा वर्षांचा अनुभव आहे.

संघांची नावं आम्ही घेत नाही, कपड्यांच्या रंगावरून ओळखतो. त्या दिवशी हिरव्यांचा उंच खेळाडू वादात होता. माझा प्रस्ताव असा: तो पिवळ्यांना द्यावा, आणि पिवळ्यांचे दोघे घ्यावे, एक दोन कोटी साठ लाखांचा, दुसरा दीड कोटीचा. बेरीज चार कोटी दहा लाख. फरक वीस लाखांचा, तो अटीत बसतो.

"जोडी फुटून राहिली त्याचं काय?" तांड्यावरचा म्हणाला. हिरव्यांचा तो उंच आणि त्यांचा पास देणारा खेळाडू, दोघे पहिल्यापासून एकत्र. "नऊ वर्षं झाली ते एकाजागी खेळून राहिले. यानं नुसतं बगितलं तरी त्याला कळते."

"नऊ नाही. आठ."

"घे, आठ. आठ वर्षांची जोडी तू वीस लाखासाठी फोडतू."

"वीस लाखांसाठी नाही. त्याचा गुडघा गेलाय. मागच्या वर्षी—"

"गुडघ्याचं नको सांगू," तो म्हणाला, आणि त्याच्या स्वतःच्या उजव्या गुडघ्यावरचा पट्टा त्याने वर ओढला.

वेल्डिंगवाला दुकानाचं शटर वर करत होता. "अरे, इसका क्या है माहीत आहे का," तो तांड्यावरच्याला म्हणाला, "मुनीमकडे माणूस आला की हा पहिले त्याला काट्यावर उभा करतो. मग विचारतो, कसा आहेस."

समोरच्या टपरीवरचा चहावाला तीन ग्लास घेऊन आला. वय त्रेपन्न, पोट पुढे, आणि जीभ अशी की गिऱ्हाईक चहापेक्षा त्यासाठीच थांबतं. "आज कोन्ला इकलं, मुनीमजी?"

"विकत नाही. बदलतो."

"मग मला बी बदला की कुठं. तिकडं च्या पेत्यात का?"

"तुझा पगार बसत नाही अटीत," वेल्डिंगवाला म्हणाला.

एवढ्यात माझा फोन वाजला. फोन हिंगोलीहून होता. चाळिशीपुढच्या खेळाडूंची एक स्पर्धा सोळा तारखेला हिंगोलीत ठरली होती. तिथल्या संघाचा चालक, खेळाच्या सामानाचं दुकान असलेला बेचाळीस वर्षांचा गृहस्थ, स्पर्धेचंही काम बघत होता. आमच्या संघात आम्ही तिघे, एक औषध दुकानदार, एक बस कंडक्टर आणि एक शिक्षक. एकूण सहा. नियमाप्रमाणे यादीत किमान सात नावं लागत होती, आणि यादी दहा तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत द्यायची होती.

"भाऊ, तुमचे सहाच हाईत ना?" तो म्हणाला. "आमच्याकडं दहा झालेत. आमाला उंच गडी पाहिजे. तुमचा तांड्यावरचा आमच्याकडं द्या, आमचे दोन घ्या, एक्केचाळीस अन् त्रेचाळीसचे, पळणारे हाईत. सहातून एक गेला, दोन आले, सात. बराबर?"

माझ्या हातात पेन होतं, मांडीवर वही होती, आणि डोक्यात चार कोटी दहा लाख. मी म्हणालो, "सात होतात. बराबर."

तांड्यावरचा माझ्यापासून दोन हातांवर बसून चहा पीत होता. त्याला वाटलं मी वहीतल्या आकड्यांचं बोलतोय. फोन ठेवल्यावर त्यानेच विचारलं, "काय बराबर निघालं?" मी म्हणालो, "काही नाही, यादीचं." आणि आम्ही परत हिरव्यांकडे वळलो.

'बराबर' हा आमच्याकडचा शब्द दोन कामं करतो. आकडा जुळला की बराबर, आणि गोष्ट मान्य असली तरी बराबर. मी पहिल्या अर्थाने म्हणालो. सहा वजा एक अधिक दोन म्हणजे सात, एवढंच. शपथेवर सांगेन. पण शपथेवर सांगायचं तर पूर्ण सांगितलं पाहिजे, ते पुढे येईल.

शुक्रवारी सकाळी बातमी बघितली. हिरव्यांनी त्या उंच खेळाडूला खरंच देऊन टाकलं होतं. पिवळ्यांना नाही, तिसऱ्याच संघाला. माझा संघ चुकला, पण मुद्दा खरा ठरला म्हणून मी थोडा फुशारलो होतो. तांड्यावरच्याने फोन हातात घेऊन खालची बातमी हळूहळू वाचली. त्या खेळाडूला स्वतःला ही गोष्ट फोनवरच कळली होती. तो जेवत होता.

"आठ वर्षं," तो म्हणाला. "अन् त्याला कुनी सांगितलं बी न्हाई. जेवताना कळलं. बैलाला तरी आमचा बाप बाजारात न्यायच्या आदल्या दिशी गूळ चारायचा. त्याला कळायचं."

"बैलाला काय कळणार?"

"तुला न्हाई कळत ते बैलाला कळते."

वेल्डिंगवाला हसला. मी नाही हसलो, आणि काहून ते मला तेव्हा समजलं नाही.

शनिवारी तो नेहमीपेक्षा अर्धा तास आधी आला. कॅन उतरवले नाहीत, गाडी स्टँडवर लावली आणि फोन माझ्यापुढे धरला. स्पर्धेच्या ग्रुपवर हिंगोलीच्या संघाची यादी आली होती. सातवं नाव त्याचं. खाली निळ्या टी-शर्टचा फोटो, पाठीवर त्याचं आडनाव आणि चौदा नंबर छापलेला.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

मी हिंगोलीला फोन लावला, त्याच्यादेखतच, स्पीकरवर.

"भाऊ, तुमी तर बराबर म्हणले," संघचालक म्हणाला. "मी लगेच छापायला टाकला."

"मी हिशेबाला बराबर म्हणालो. सौद्याला नाही."

"दोन्हीत फरक काय हाय? शब्द देला म्हंजे देला. आमचे दोन पोरं बी तुमची वाट पाहून राहिले."

"वाट पाहू नका म्हणावं."

"मग यादीत सात कुठून आणता? सहा नावं मी घेऊ शकत न्हाई, नियम हाय." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. नियमाचं त्याचं खरं होतं.

मला वाटलं झालं, गैरसमज होता, तो मिटला. पण तांड्यावरचा उभाच. "वही दे," तो म्हणाला.

"कशाला?"

"तुझ्या वहीत माझं पान हाय का बघतो."

होतं. सोमवारी, म्हणजे तो फोन येण्याच्या तीन दिवस आधी, मी मागच्या पानावर त्याचा हिशेब मांडला होता. हिंगोलीचे दहा जण आहेत आणि त्यांच्यात उंच कोणी नाही हे मला माहीत होतं. कोणी असा प्रस्ताव आणला तर, एवढ्याच विचाराने मी तो मांडला होता. मी वही देणं टाळू शकलो असतो. म्हणालो असतो घरी राहिली. ती माझ्या बगलेत होती. मी दिली.

त्याने ते पान मोठ्याने वाचलं. वेल्डिंगवाल्याने हातातलं काम खाली ठेवलं.

"मागचे चौदा दिवस. शॉट एकशे बारा. आत एकेचाळीस. शेकडा साडेछत्तीस." तो थांबला. "बराबर मोजले बे. उजवा गुडघा. वय एकोणपन्नास. दहा मिनिटांनंतर चालतो, पळत नाही. खाली काय लिवलं? 'दोन मिळाले तर फायदा.'"

त्याने पान उलटून मागची बाजू बघितली.

"अन् मी तुला पास देल्ले ते कुठं लिवले?"

तो रकाना मी आखलाच नव्हता.

"तेहतीस वर्षं मी बॉल पकडतो अन् पहिलं तुला पाहतो," तो म्हणाला. "तू मोकळा असला तर मी मारतच न्हाई. मारतो कधी? तू कुठं तरी अडकला तर. मग घाईत मारतो, मग जात न्हाई. अन् ते न जाणारे तू मोजले." त्याने वही अँगलवर ठेवली, आपटली नाही, ठेवली. "जा. दोन घे. मी हिंगोलीकून खेळतो. माझं नाव छापलंच हाय त्याहीनं."

गाडी सुरू करून तो गेला. दूध कळमनुरीत द्यायचं होतं, तो उलटा डोंगरकड्याच्या रस्त्याला लागला. ते वेल्डिंगवाल्याच्याच लक्षात आलं.

"चाळीस लिटर दूध परत घेऊन गेला," तो म्हणाला. "लिही वहीत."

त्या दिवशी अडतीवर माझ्या दोन काटापट्ट्या, म्हणजे वजनाच्या पावत्या, चुकल्या. सव्वीस वर्षांत असं झालेलं नाही. मालकांनी विचारलं, मी तब्येतीचं सांगितलं.

आकडे खोटे नव्हते. हे मी तेव्हाही मानत होतो, आत्ताही मानतो. तो दहा मिनिटांनंतर चालतोच. हिंगोलीचे ते दोघे पळणारे होते, आणि सात झाल्याशिवाय आमचा संघ मैदानात उतरू शकत नव्हता. कोणाही तिऱ्हाईताला ते पान दाखवलं असतं तर तो म्हणाला असता, दे त्याला. मीही दुसऱ्याच्या संघाबद्दल तेच म्हणालो असतो. अकरा वर्षं म्हणतच होतो.

रविवारी दुपारी मी घरी स्पर्धेचा नियमांचा कागद घेऊन बसलो. बायको समोर तुरी निवडत होती. ती या प्रकाराला नावं ठेवते आणि प्रत्येक गोष्ट विचारूनही घेते.

"तो हिरव्यांचा लंबा गेला म्हणे शेवटी," ती म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"वेल्डिंगवाल्या भाभीनं. तिनं तुमचंही सांगितलं. त्यांना न विचारता देऊन टाकलं तुम्ही."

"देऊन टाकलं नाही. सातवं नाव नाही, हा प्रश्न आहे."

"द्या इकडं." तिने सुपातल्या तुरी बाजूला केल्या आणि कागद वाचला. तिला वाचायला माझ्याहून जास्त वेळ लागतो, पण ती एक अक्षर सोडत नाही. "वय चाळीस पूर्ण. आधार कार्डाची प्रत. जिल्ह्याचा रहिवासी. अहो, खेळता आलं पाहिजे असं कुठं लिहिलंय?"

मी कागद परत घेतला. तीनदा वाचला. लिहिलेलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी आधी चहाच्या टपरीवर गेलो.

"मला?" चहावाला म्हणाला. "मी बॉल हातात धरला न्हाई कदी."

"धरायचा नाहीच. यादीत नाव पाहिजे."

"अन् पगार?"

"चार कोटी," मागून वेल्डिंगवाला म्हणाला.

"डालर का रुपये, ते आदी सांगा." मग तो गंभीर झाला. "म्हंजे मी आलो तर तो तांड्यावरचा इथंच राहतो?"

"तो यायला तयार असला तर."

त्याने फडक्याने हात पुसले आणि गल्ल्यातून आधार कार्ड काढलं. "दोन दिस झाले त्यानं माझा च्या पेला न्हाई. रोजचा गिऱ्हाईक हाय. घ्या."

तांड्यावरचा त्या दिवशी आला, पण दुकानापुढे थांबला नाही, दूध घालून परत निघाला होता. वेल्डिंगवाला रस्त्यात आडवा उभा राहिला आणि त्याची गाडी धरून आत आणली. आम्हा दोघांना समोरासमोर उभं केलं. मी ते मागचं पान फाडावं असं वेल्डिंगवाल्याचं म्हणणं होतं. मी नाही म्हणालो. लिहिलेलं पान मी फाडत नाही. पण त्याच पानाखाली मी रविवारी एक ओळ लिहून आणली होती ती दाखवली: 'वरील हिशेब बरोबर. अदलाबदल नामंजूर.' खाली माझी सही.

त्याने वाचलं. "नामंजूर काहून? फायदा हाय ना?"

"आहे. तरी नामंजूर."

"कारण लिव्हत असतात."

"कारणाचा रकाना नाही."

त्याने वेल्डिंगवाल्याच्या खांद्यावरचा गमछा ओढून घेतला, आपल्या उजव्या हातावर टाकला आणि हात माझ्यापुढे केला. "तोंडानं नको सांगू. माझी किंमत किती ते सांग."

मी गमछ्याखाली हात घातला. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या अदलाबदलीला मी दोन, तीन, साडेतीनसाठी तीन बोटं आणि एक पेर असे आकडे झटकन दाबले. त्या दिवशी मला एकही बोट वेगळं धरता येईना. मी त्याचा सगळा पंजाच धरला आणि धरून ठेवला.

त्याने दुसऱ्या हाताने गमछा उचलून बघितलं. मग म्हणाला, "पाच? तेहतीस वर्षांचे पाच? पाच काय, शेकडा का हजार? का पाच रुपये, लेका?"

वेल्डिंगवाला अँगलवर बसून हसायला लागला. तांड्यावरचाही हसला, थोडा उशिरा. मी हात सोडला.

"आता मला एक सांग," तो म्हणाला. "त्या चाळीस लिटर दुधाचा शनवारी माझ्या बायकोनं खवा केला. घरात खाऊन खाऊन बेजार झाले. तो तुझ्या हिशेबात धर."

"धरतो," मी म्हणालो, आणि धरला.

सात नावांची यादी त्याच दिवशी, पावणेपाचला, मी स्वतः हिंगोलीला जाऊन दिली. संघचालकाने सातवं नाव आणि वय बघून विचारलं, "हे कोण खेळाडू?" मी सांगितलं, नियमात बसणारे. त्याने नियमांचा कागद काढून पाहिला आणि यादी ठेवून घेतली.

सोळा तारखेचा आमचा पहिला सामना हिंगोलीशीच पडला. बाद फेरीची स्पर्धा, म्हणजे हरलं की संपलं. आमचे टी-शर्ट लाल होते, सहाच शिवलेले. सातवा नव्हता. संघचालक मैदानावर निळा चौदा नंबरचा टी-शर्ट हातात घेऊनच आला. "भाऊ, हे तुमच्या शब्दावर छापलं. आता याचं काय करू? सातशे झाले."

चहावाल्याने पुढे होऊन तो त्याच्या हातातून घेतला, उलटा केला आणि अंगात घातला. सहा फूट दोन इंचांच्या माणसाचं माप ते, त्याला गुडघ्यापर्यंत आलं. आतून कापड पांढरट होतं, आणि पाठीवर चौदाचा आकडा उलटा दिसत होता. "लाल न्हाई," तो म्हणाला, "पन निळा बी न्हाई."

आम्ही हरलो. एकोणचाळीस विरुद्ध बावीस. ते दोघे पळणारे खरोखर पळणारे होते. वेल्डिंगवाला पाच फाउल होऊन बाहेर गेला, कंडक्टरच्या पोटरीत गोळा आला, आणि शेवटची चार मिनिटं चहावाला मैदानात होता. बॉल त्याच्याकडे दोनदा आला. दोन्ही वेळा त्याने तो गरम किटली असल्यासारखा जवळच्या माणसाला दिला. तो माणूस एकदा आमचा होता, एकदा त्यांचा.

तांड्यावरच्याने नऊ शॉट मारले, तीन आत गेले. शेकडा तेहतीस. म्हणजे माझ्या पानावरचा आकडा खोटा ठरला असं कोणी म्हणू नये, तो थोडा जास्तच निघाला होता. या वेळी मी दुसरा रकाना आखून शिक्षकांच्या मुलीला मैदानाबाहेर वही घेऊन बसवलं होतं. त्याने मला चौदा पास दिले. चौदाही मी मोकळा असताना, छातीच्या उंचीवर, जसे शाळेत द्यायचा तसे. त्यातले अकरा मी वाया घालवले. हे मीच सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला सांगायची तकलीफ नको.

लोक म्हणाले, दोन पळणारे घेतले असते तर जिंकला असतात. बहुतेक जिंकलो असतो. मी ते नाकारत नाही. पुढच्या वर्षी कोणी चार देऊ केले तरी माझं उत्तर वहीत लिहिलेलं आहे, सहीसकट. आणि अमेरिकेतल्या अदलाबदलीवर आम्ही पुढच्याही फेब्रुवारीत बोलणार. तिथेही पास मोजतात हे मला आता माहीत आहे. आधीही माहीत होतं, मी बेरीज फक्त पगाराची करत होतो.

सामना संपल्यावर संघचालक परत आला. सातशेचा तपशील मी मागितला. टी-शर्ट आणि छपाई साडेतीनशे, बाकी साडेतीनशे "धावपळ अन् तकलीफ". मी सांगितलं, छपाई माझ्या शब्दावर झाली, तो शब्द दोन अर्थांचा होता, त्यातला अर्धा दोष माझा. म्हणून टी-शर्टचे देतो. तकलीफ तुमची तुम्हाला. तो वाद घालायला लागला तेव्हा चहावाला तो उलटा टी-शर्ट घालून आमच्यामध्ये येऊन उभा राहिला आणि त्याला चहा पिणार का विचारलं.

शेवटी दिले ते असे: रुपये साडेतीनशे, रोख, हिंगोलीच्या संघचालकाला, मैदानाच्या फाटकाशी, तांड्यावरचा आणि वेल्डिंगवाला यांच्यासमोर. पैसे मोजून त्याने विचारलं, "बराबर?" मी नुसती मान डोलावली.